आईचे काढे, चूर्णे आणि डॉक्टरांच्या गोळ्या: एकत्र घेताना काय तपासावे?

गिरगावचा रहिवासी

नमस्कार मंडळी. माझ्या आईचे वय ६७ आहे. तिला मधुमेह आणि उच्च रक्तदाब बऱ्याच वर्षांपासून आहेत. गेल्या वर्षी तिची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. साखरेसाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्रित गोळी ती घेते.

याशिवाय घरात जे चालते ते असे. करोनाच्या काळात सुरू झालेला गुळवेल, सुंठ, मिरे, हळद आणि तुळस यांचा काढा ती आजही रोज सकाळी घेते. गुळवेल आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर चढलेल्या वेलाची असते. वॉचमन तोडून देतो. आई भजनी मंडळात गाते, त्यामुळे आवाजासाठी ज्येष्ठमधाची काडी दिवसातून बराच वेळ तिच्या गालात असते आणि काढ्यातही ज्येष्ठमध सढळ हाताने पडते. भिजवलेले मेथीदाणे आणि जांभूळबियांचे चूर्ण हेही नेमाने चालू आहे.

दोन महिन्यांपूर्वी ओळखीतल्या एका बाईंनी गुडघेदुखीसाठी पांढऱ्या कागदाच्या पुड्या आणून दिल्या. पुडीवर काहीही छापलेले नाही. चिमूटभर पूड दोन वेळा घ्यायची एवढेच सांगितले. तीन-चार दिवसांतच आई दोन जिने न थांबता चढू लागली, त्यामुळे त्या पुड्यांवर तिचा पूर्ण विश्वास बसला आहे. मात्र अलीकडे उपाशीपोटीची साखर वाढली आहे, रक्तदाब आटोक्यात येत नाही, संध्याकाळी पाय सुजतात, चेहरा भरल्यासारखा दिसतो आणि मांड्यांत शक्ती नाही असे ती म्हणते. डॉक्टरांनी साखरेच्या गोळीचा डोस वाढवला आहे. पुड्यांविषयी आणि काढ्याविषयी तिने त्यांना काही सांगितलेले नाही, कारण ‘ते काही औषध नव्हे, झाडपाला आहे’ असे तिचे म्हणणे आहे.

यातले काय चालू ठेवावे, काय थांबवावे, आणि कोणती वनौषधी कोणत्या गोळीबरोबर चालते हे घरच्या माणसाने कसे ओळखावे? आईचा मान राखून हा विषय कसा काढावा, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

परळची औषधनिर्माती

नमस्कार दादा. मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. तुमच्या आईंना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येणार नाही आणि तो माझा अधिकारही नाही. पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी दोन अशा आहेत की त्यासाठी पुढच्या भेटीच्या तारखेची वाट पाहू नये, उद्याच डॉक्टरांकडे जावे.

पहिली गोष्ट त्या पुड्यांची. जुनी गुडघेदुखी एखाद्या वनस्पतीच्या चिमूटभर पुडीने तीन-चार दिवसांत जिने चढण्याइतकी कमी होणे फारच दुर्मिळ आहे. नाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड, किंवा डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आपल्याकडे आणि परदेशांतही अनेकदा नोंदली गेली आहेत. स्टेरॉइडने साखर वाढते, रक्तदाब वाढतो, चेहरा गोल दिसू लागतो आणि मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. तुम्ही जे लिहिले आहे ते या वर्णनाशी इतके जुळते की शंका घेणे भाग आहे. वेदनाशामक मिसळलेले असेल तर धोका वेगळा आहे: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या जोडीला तिसरे असे औषध आले की जठरात रक्तस्राव होण्याची शक्यता बरीच वाढते. शौचाचा रंग डांबरासारखा काळा होतो का, हे आईंना आजच विचारा. तसा होत असेल तर उद्याचीही वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या.

येथे एक कळकळीची विनंती आहे. घाबरून त्या पुड्या आपल्या मनाने एकदम बंद करून निश्चिंत होऊ नका. स्टेरॉइड काही आठवडे पोटात जात राहिले की शरीर स्वतःचे कॉर्टिसोल, म्हणजे तसेच काम करणारे नैसर्गिक संप्रेरक, तयार करणे कमी करते, आणि बाहेरचा पुरवठा अचानक थांबला तर प्रचंड थकवा, उलट्या आणि रक्तदाब घसरणे असे प्रकार होऊ शकतात. डॉक्टर सकाळच्या कॉर्टिसोलची तपासणी करून औषध टप्प्याटप्प्याने कसे उतरवायचे ते ठरवतील. उरलेली पुडी त्यांच्यासमोर ठेवा. आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला: वाढलेली साखर पुड्यांमुळे असेल, तर पुड्या सुटल्यावर ती खाली येईल, पण ग्लिमेपिराइडचा वाढवलेला डोस तसाच राहील. मेथीदाणे आणि जांभूळबी हीदेखील साखर थोडीफार उतरवतात. अशा वेळी साखर एकाएकी फार खाली जाऊन हातपाय थरथरणे, घाम फुटणे, भान हरपणे असे होऊ शकते. म्हणून त्या काळात घरच्या यंत्रावर साखर वरचेवर मोजा.

दुसरी गोष्ट ज्येष्ठमधाची. खोकल्याच्या गोळीत मिळते म्हणून ते निरुपद्रवी मानले जाते, परंतु त्यातल्या ग्लिसरायझिन या घटकामुळे मूत्रपिंडातले एक विकर (एन्झाइम) दबते, शरीरात मीठ आणि पाणी साठते आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. परिणामी रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते, स्नायूंत शक्ती राहत नाही आणि पोटॅशियम फारच उतरले तर हृदयाचे ठोके अनियमित होतात. तुमच्या आईंच्या गोळीतले हायड्रोक्लोरोथायझाइडही पोटॅशियम कमी करते, म्हणजे दोन्हींचा ओढा एकाच दिशेने आहे. टेल्मिसार्टन थोडे उलट काम करते, पण त्यावर विसंबून दिवसभर काडी चघळणे योग्य नाही. घसा बसला असताना दोन दिवस एखादा तुकडा चघळणे निराळे आणि वर्षानुवर्षे रोज चघळणे निराळे. ज्येष्ठमध आजपासून थांबवता येईल, त्याने अपाय होणार नाही; मात्र त्याचा परिणाम ओसरायला एक-दोन आठवडे लागू शकतात, त्यामुळे लगेच फरक दिसला नाही म्हणून ते निर्दोष ठरवू नका. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन या तपासण्या करून घ्या.

हळद, सुंठ, मिरे, तुळस हे स्वयंपाकातल्या प्रमाणात असतील तर त्यांची फारशी धास्ती नको. प्रश्न येतो तो अर्काच्या कॅप्सूलपासून. हळदीतले कर्क्युमिन रक्तात फारसे शोषले जात नाही, म्हणून त्यात मिऱ्यातले पायपरीन घालतात. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले होते की २० मिलिग्रॅम पायपरीन सोबत दिल्यास माणसांत कर्क्युमिनचे शोषण सुमारे २००० टक्क्यांनी वाढते. हे जाहिरातीत अभिमानाने छापले जाते, पण हेच पायपरीन फेनिटॉइन (फिट येण्यावरचे), प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबावरचे), थिओफायलिन (दम्यावरचे) यांसारख्या औषधांचीही रक्तातली पातळी वाढवते, हे तेथे छापलेले नसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना हळदीच्या किंवा लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

गुळवेलीबद्दल येथे कोणी वैद्य असतील तर त्यांनी लिहावे.

मुलुंडचा वैद्य

परळच्या ताईंनी महत्त्वाचे ते सांगितले आहे. पुड्यांच्या बाबतीत मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. ज्या औषधावर घटक, मात्रा आणि बनवणाऱ्याचे नाव नाही, ते आयुर्वेदाच्या नावाने विकले गेले तरी त्याचा आयुर्वेदाशी संबंध नाही.

आता गुळवेल. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेतलेले आणि यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले, त्यांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या बऱ्याच जणांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेऊन सांगितले की गुळवेल सुरक्षित आहे आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेलीशी गल्लत झालेली असू शकते. माझे मत विचाराल तर दोन्ही बाजूंचे म्हणणे रुग्णाला एकाच ठिकाणी आणून सोडते: ओळख पटल्याशिवाय घेऊ नये, आणि ओळख पटली तरी बेमुदत घेऊ नये. ज्यांना थायरॉइडचा स्वप्रतिकारक विकार, संधिवात किंवा यकृताचा जुना आजार आहे, त्यांना मी स्वतः गुळवेल देताना फार विचार करतो आणि रक्ततपासणीशिवाय देत नाही.

ओळखीसाठी खोड हातात घेऊन पाहा. खऱ्या गुळवेलीची वरची साल कागदासारखी पातळ असते, ती नखाने सोलली की खाली हिरवा गर दिसतो. आडवा छेद घेतला तर मध्यापासून कडेकडे गेलेल्या रेषांमुळे तो चाकासारखा दिसतो. क्रिस्पाचे खोड करडे असून त्यावर ठळक गाठी-पुटकुळ्या असतात, आणि ते कापले की दुधासारखा स्राव येतो. फुले आली असतील तर गुळवेलीला सहा पाकळ्या दिसतात, क्रिस्पाला तीन. तरीही तुमच्या इमारतीमागच्या भिंतीवरची वेल वापरू नका, मग ती खरी का असेना. त्या भिंतीवर धूरफवारणी होते, ड्रेनेजची गळती होते, रस्त्याची धूळ बसते, आणि यातले काय त्या खोडात उतरले ते उकळून जात नाही.

काढ्याचे शास्त्रही घरोघरी विसरले गेले आहे. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांच्या पद्धतीत भरड द्रव्याला १६ पट पाणी घालून आठवा भाग उरवायचा असतो, म्हणजे जे उरते ते चहासारखे पेय नसून चांगले तीव्र औषध असते. ते अमुक व्यक्तीला, अमुक ऋतूत, अमुक दिवस द्यायचे असे ठरवून दिले जाते. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सुचवलेला काढा तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरे यांचा होता. लोकांनी त्यात हाताला लागेल ते घालत नेले आणि साथ ओसरल्यावरही तो थांबवला नाही. सुंठ-मिरे रोज पोटात गेल्याने पित्त वाढून, तोंड येऊन, रक्ती मूळव्याध उसळून माझ्याकडे आलेले रुग्ण मी करोनाच्या त्या दोन वर्षांत कितीतरी पाहिले.

सध्या तुमच्या आईंचा गुळवेलीचा काढा थांबवा आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. भूक मंदावणे, अंगाला खाज, लघवी गडद पिवळी होणे, डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सर्व अहवाल आल्यावर गुडघ्यांसाठी आयुर्वेदिक उपचार हवेच असतील तर वरळीच्या पोदार रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात न्या. ते सरकारी आहे, तेथे गोळ्यांची यादी पाहून मगच औषध दिले जाईल, आणि बाहेरून लावायचे तेल, शेक, पट्टी यांनी गुडघ्याला पुष्कळ आराम मिळू शकतो. पोटातून घ्यायचे औषध प्रत्येक वेळी लागतेच असे नाही.

दादरचे काका

सर्वांचे म्हणणे वाचले. तरीही मनात येते की आमच्या आई-आजींनी अडुळसा, कोरफड, सोनामुखी, बाळंतशेपा यांवर घरे चालवली. त्यांच्या काळी कोणी पोटॅशियम मोजत नव्हते. आता एकेका वनस्पतीच्या नावाने भीती घातली तर लोक चार पैशांच्या ओव्याऐवजी चारशे रुपयांच्या गोळ्या आणतील. झाडपाल्यात खरोखरच एवढा विखार आहे का?

परळची औषधनिर्माती

काका, तुमची काळजी रास्त आहे आणि ओवा कोणी हिरावून घेऊ नये असे मलाही वाटते. पण आजीबाईंच्या बटव्यातली औषधे दोन-चार दिवसांसाठी आणि लहान दुखण्यांसाठी होती, आणि ती घेणाऱ्या माणसाच्या पोटात त्याच वेळी सहा प्रकारच्या गोळ्या नसत. आज ६७ वर्षांच्या बाई अँजिओप्लास्टीनंतर बऱ्या होऊन भजनाला जातात हे त्या गोळ्यांमुळेच शक्य झाले आहे, म्हणून जुना काढा आता नव्या शेजाऱ्यांसह तपासावा लागतो.

वनस्पतीत गुण असतो म्हणूनच तिला जपून वापरावे लागते. आमच्या परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. तीच सर्पगंधा मात्रा चुकली तर रक्तदाब फार खाली नेते आणि काहींना गंभीर नैराश्य आणते. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि अडुळसा गर्भाशयाचे आकुंचन करतो म्हणून गरोदरपणात टाळावा लागतो. तुम्ही उल्लेखिलेली सोनामुखी आणि कोरफडीच्या सालीखालचा पिवळा कडू चीक दोन्ही रेचक आहेत. बद्धकोष्ठ एखाद वेळी झाले तर सोनामुखी चालते, पण महिनोन्‌महिने घेतली तर तीही पोटॅशियम घालवते. इसबगोलासारखी सौम्य वस्तूसुद्धा भरपूर पाण्याबरोबर आणि इतर गोळ्यांपासून तासा-दोन तासांच्या अंतराने घ्यावी लागते, नाहीतर ती गोळ्यांचे शोषण अडवते.

मुलुंडचा वैद्य

काकांच्या प्रश्नाला जोडून खरेदीबद्दल थोडे लिहितो, कारण खरी फसवणूक तेथेच होते. तयार आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, घटक व त्यांचे प्रमाण, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असायला हवी. बचनाग, बिब्बा, काजरा, धोतरा अशी विषारी द्रव्ये घातली असतील तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती सूचना असलेले औषध दुकानदाराच्या सल्ल्याने घेऊ नये. वेष्टनावर परवान्याऐवजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याने अन्न आहे, औषध नाही, आणि तिला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. मधुमेह मुळापासून बरा करतो अशी जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानुसार कोणत्याही औषधाची करता येत नाही, त्यामुळे असा दावा दिसला की पुढचे काही वाचण्याची गरज उरत नाही.

मधुमेहींनी आसवे आणि अरिष्टे घेण्यापूर्वी विचारावे. त्यांत गूळ किंवा साखर असते आणि आंबवताना आपोआप तयार झालेले अल्कोहोल साधारण ५ ते १० टक्के असते. मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध चालू असताना ती टाळावीत. पारा व इतर धातू-खनिजे वापरून केलेली रसौषधी आणि भस्मे तर वैद्याच्या हातूनच घ्यावीत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालानुसार अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. त्या अहवालावर आमच्या व्यवसायात पुष्कळ वाद झाला, पण कोणत्या कारखान्यात काय शुद्ध केले गेले हे रुग्णाला घरी बसून कळत नाही, हे कोणालाही नाकारता आलेले नाही.

मस्जिद बंदरच्या किंवा दादरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून सुटी द्रव्ये घ्यायची असतील तर अख्खी घ्या, दळलेली घेऊ नका. अख्खे मूळ, साल, फळ जाणकाराला ओळखता येते. पुडीतले पीठ कोणालाच ओळखता येत नाही.

गिरगावचा रहिवासी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आईला आज सकाळी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी पुड्या ठेवून घेतल्या नाहीत, पण कॉर्टिसोल, पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या, ज्येष्ठमध व गुळवेल बंद केली आणि स्टेरॉइडबाबत अहवाल येईपर्यंत काय करायचे ते लिहून दिले. शौचाचा रंग नेहमीसारखा आहे. आईला मी एवढेच म्हणालो की तू जे जे घेतेस त्याची यादी तूच सांग, मी लिहून घेतो. मग तिनेच फडताळातले सगळे डबे टेबलावर मांडले, त्यात अश्वगंधेची एक बाटलीही निघाली जी मला माहीत नव्हती. त्या अश्वगंधेचे काय करावे? उरलेल्या पुड्या फेकून द्याव्यात का? आणि तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरायची आहे, त्यासाठी काही वेगळे पाळावे लागेल का?

परळची औषधनिर्माती

फार चांगले केलेत, आणि आईंनी स्वतः डबे मांडले हे त्याहून चांगले.

अश्वगंधा तूर्त बंद ठेवा. ती झोप आणते, साखर आणि रक्तदाब थोडे उतरवते, थायरॉइडची पातळी वाढवू शकते, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी तिच्याही बाबतीत आहेत. यकृताचे अहवाल येण्याआधी ती चालू राहिली तर दोष कोणाचा हे ठरवणे अवघड जाईल.

पुड्या फेकू नका. कोणी दिल्या, कधी दिल्या, किती पैसे घेतले हे एका कागदावर लिहून त्या बंद पिशवीत ठेवा आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. त्यांचे मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. त्या बाईंनी आणखी कितीजणांना पुड्या दिल्या असतील ते आपल्याला ठाऊक नाही. दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर कोणताही नागरिक करू शकतो, त्यासाठी डॉक्टर असण्याची अट नाही.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल स्वतःहून थांबवू नका; अँजिओप्लास्टीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ दोघांनी मिळून तो निर्णय घ्यायचा असतो. अर्काच्या कॅप्सूल, चूर्णे आणि काढे साधारण दोन आठवडे आधी बंद करावेत. आज तयार केलेली यादी भूलतज्ज्ञांनाही दाखवा आणि पुड्यांचा उल्लेख आवर्जून करा, कारण अलीकडच्या महिन्यांत स्टेरॉइड पोटात गेले असण्याची शक्यता असेल तर शस्त्रक्रियेच्या दिवसाची तयारी ते वेगळी करतात.